पावाच्या ट्रेमधली पोर

मी पावाच्या ट्रेमध्ये वाढले. थट्टा नाही करत. दिवस भरायच्या आधीच जन्मले, तेही प्रवासात, पुराने रस्ता तुटला तेव्हा कुठल्याशा आडगावात. जीव एवढासा आणि दवाखाना नदीपलीकडे. तेव्हा तिथल्या बेकरीवाल्याने मला कापसात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवलं आणि ट्रे भट्टीशेजारी, पिठाचे गोळे फुगायला ठेवतात त्या फळीवर. रस्ता सुरू होईपर्यंत मीही तिथे फुगत राहिले.

आई तापाने फणफणलेली, तिला गावाचं नाव आठवेना. बाबा "त्या लोकांना कळवतो, कळवतो" म्हणता म्हणता मी रांगायला लागायच्या आत गेले. आईच्या लक्षात राहिला तो एक कमानींचा दगडी पूल आणि मनोऱ्यावरचं काटे नसलेलं घड्याळ. मरेपर्यंत म्हणायची, "त्या लोकांचे पाय धरायचे राहिले गं." ती गेली आणि तिचं हे राहिलेलं माझ्या गळ्यात पडलं.

म्हणून आम्ही दोघं सुट्टी मिळाली की छोटी छोटी गावं हिंडतो. पूल बघायचा, घड्याळ बघायचं, बेकरी गाठायची, पाव खायचा आणि हात हलवत परत यायचं. आमचे हे म्हणतात, "लोक देश बघतात, मी पाव बघतो." पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली बिचाऱ्यांना, पण एकदाही नाही म्हणाले नाहीत. तोंडावर मी कधी सांगणार नाही, पण असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

तर हे गाव. पूल कमानींचा होता, तो बघून मी ह्यांच्या पुढे धावले. पण मनोऱ्यावर बघते तर घड्याळाला दोन्ही काटे! चांगलं टिकटिक चाललेलं मेलं. मी मटकन पायरीवर बसले.

"अगं, आलोच आहोत तर गाव बघून घेऊ," हे म्हणाले.

गाव दाखवायला एक निवृत्त मास्तर होते. छत्री उंच धरून चालायचे आणि आम्ही आठ-दहा पाहुणे मागून. त्यांनी गावातला पहिला रेडिओ दाखवला, पुराच्या पाण्याची भिंतीवरची खूण दाखवली. चौकात भोपळ्यांची स्पर्धा मांडली होती, कुणाचा मोठा म्हणून. एक भोपळा तर आमच्या ह्यांच्यापेक्षा गोल. मग मास्तर मनोऱ्याखाली थांबले. "काटे आत्ता अलीकडे बसवलेत बरं का! आमच्या लहानपणी नुसती तबकडी. गावात कुणाला विचारलं किती वाजले, तर म्हणायचं, वाजलेच नाहीत!"

लोक हसले. मी ह्यांचा दंड असा आवळला की ते "आई गं" म्हणाले.

पुढचं ठिकाण बेकरी. बुटकं दार, आत काळवंडलेली भट्टी, भिंतीला पिठाची पोती. गल्ल्यावर एक पांढऱ्या केसांच्या बाई फडक्याने ट्रे पुसत होत्या, त्यांचा मुलगा आत लाकडं रचत होता. मास्तरांनी घसा खाकरला. "ही भट्टी कित्येक वर्षांत एकदाही विझलेली नाही. गावचा एक शूर शिपाई लढाईवर गेला, तो परत येईपर्यंत—"

"मास्तर, पुरे झाल्या थापा!" गल्ल्यावरून आवाज आला. "शिपाई कुठला? लेकरू होतं ते."

"अहो मावशी, पाहुण्यांना शिपाई आवडतो," मास्तर पुटपुटले.

"आवडू दे. खरं ते खरं."

आणि त्या बाई सांगायला लागल्या. पूर, अडकलेली गाडी, ओली बाळंतीण, ट्रे. माझीच गोष्ट, माझ्याच पुढ्यात. एरवी माझं तोंड कुणाच्या बापाला आवरत नाही, पण तेव्हा मी पाहुण्यांना बाजूला सारत नुसती गल्ल्यापाशी गेले.

"मी तेव्हा फ्रॉकमधली पोर. बाळाकडे बघायचं काम वडिलांनी मला दिलं. शेवटच्या दिवशी बसल्या बसल्या डोळा लागत होता. आमच्या हाताला सवय असते हो, ट्रे मधून मधून फिरवायची. नाहीतर पाव एकीकडून करपतो. झोपेत मी ट्रे फिरवला. पाव फिरवावा तसा! डोक्याकडचं पायाकडे झालं आणि लेकराचा पाय गेला भट्टीच्या भिंतीला." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "टाच भाजली. त्याच दिवशी रस्ता उघडला, ते लोक बाळ घेऊन गेले. वडील म्हणाले, पोर सुखरूप असल्याची खबर येईपर्यंत भट्टी विझवायची नाही. खबर काही आली नाही. आली नाही म्हणजे काय ते समजायचं. एवढासा जीव, त्याला मी चटका दिला. कसा जगायचा?"

मी पिठाच्या पोत्यावर बसले आणि डाव्या पायातला बूट ओढून काढला.

"अगं, काय करतेस? लोक बघताहेत!" हे म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच खाली बसून माझा मोजा काढला.

बाईंनी हात झटकले, चष्मा लावला. माझी टाच दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे वळवली. डाग माझ्याबरोबर वाढलाय, तिथली कातडी अजून गुळगुळीत आहे. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. ज्यांचे पाय धरायला मी इतकी गावं तुडवली, त्या माझाच पाय धरून बसल्या होत्या.

"माझ्यामुळे भाजलं गं," त्या म्हणाल्या.

"मावशी, टाच भाजली म्हणून काय झालं? टाच आहे ना!" मी ओरडलेच. रडत ओरडले. "तू नसतीस तर टाच कुठली नि मी कुठली! आई सगळ्यांना कौतुकाने दाखवायची हा डाग. म्हणायची, हिच्या जिवाची पावती आहे. दोन पोरं वाढवली मी या टाचेवर उभं राहून. ह्यांना विचार, अजून माझ्या मागे धावताना धाप लागते त्यांना."

"लागते," हे म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरलं.

मी वाकून मावशीचे पाय धरले. आईच्या वाटचे आधी, मग माझ्या वाटचे. मावशी माझ्या केसांतून हात फिरवत राहिली, सगळं पीठ माझ्या डोक्यात गेलं.

"आई, लाकडं घालू?" मुलाने आतून विचारलं.

"नको."

"अगं, विझेल!"

"विझू दे. तुझ्या आजोबांनी खबर येईपर्यंत म्हटलं होतं. आली."

मास्तर चाचरत म्हणाले, "मावशी, पण पाहुण्यांना काय दाखवायचं मी?"

"भोपळे दाखवा," मावशी म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या. "मी पण बघणार आहे. भट्टीपायी एकदाही बघायला मिळाले नाहीत मला."

आम्ही चौकातून आरामात हिंडलो. तोवर बेकरीच्या धुराड्यातला धूर थांबला होता. समोरून न्हावी हातात वस्तरा घेऊन धावत आला. "मावशी, धूर दिसत नाही! भट्टी विझली की काय?"

"विझवली," मावशी म्हणाली. "पोर सुखरूप पोचली."

मग माझा हात घट्ट धरून मला म्हणाली, "हळू चाल गं. टाच दुखेल."