सोनेरी कार्ड आणि हातमोजे

कॅल्गरीच्या विमानतळावर, लाउंजच्या दारात ऑरेस्ट बिलिकने नॉर्म फॉन्टेनला सगळ्यांदेखत झिडकारलं. ऑरेस्टच्या सोनेरी कार्डावर एक पाहुणा आत नेता येतो. नॉर्मजवळ इथल्याच विमान कंपनीचं चंदेरी कार्ड, त्यावर हे दार उघडत नाही.

"ने ना आत, गड्या. पोटात कावळे ओरडतायत. सूप तरी मिळेल," नॉर्म म्हणाला.

"तू माझा जबडा फोडलास तेव्हा महिनाभर सूपच पीत होतो मी. आता तू राहा उपाशी."

दोघंही आइस हॉकीतले जुने हाणामारीचे गडी. संघ त्यांना गोल करायला नव्हे, समोरच्याचं नाक फोडायलाच घ्यायचे. आता दोघं नवे खेळाडू हेरत विमानाने हिंडत. ऑरेस्टच्या फेऱ्या स्वीडन-फिनलंडच्या, म्हणून तो तिकडच्या विमान कंपनीचा सभासद झाला होता. भागीदार कंपन्यांचा प्रवास, अगदी कॅनडातलाही, तो त्याच खात्यावर चढवायचा. शहाण्याने असंच करावं, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा.

दोघांनाही डोंगरापलीकडच्या क्रॅनब्रुकला जायचं होतं; ऑरेस्टची आई तिथेच राहायची. दुपारचं विमान वादळाने रद्द झालं होतं. लाउंजमध्ये ऑरेस्टने पहिला घास घेतला आणि बहिणीचा फोन आला.

"दादा, आईचा श्वास अडकतोय रे. सारखं तुझंच नाव घेतेय. घाट बंद झालाय. संध्याकाळच्या विमानात कसाही बस."

त्या विमानात एकच जागा निघाली. विमानाकडे जाणाऱ्या दाराशी बसलेल्या, कंपनीच्या नोरीनने ती नॉर्मला दिली.

"डोळे फुटले का तुझे? मी सोनेरी, हा चंदेरी!"

"भागीदाराचं सोनं लाउंजला चालतं हो. प्रतीक्षा यादीत आधी आमचे सभासद, मग तुम्ही."

"माझी आई मरतेय!" ऑरेस्टने मूठ अशी आदळली की नोरीनच्या संगणकाच्या पडद्याची काच तडकली.

नॉर्मने ते ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. विमान छोटं, बर्फातून चालत जायचं होतं. त्याने हातमोजे चढवले आणि बाहेर पडला. अर्ध्या वाटेत थांबून तो तिथल्या माणसाशी काहीतरी बोलला आणि माघारी फिरला. तडक ऑरेस्टसमोर येऊन उभा राहिला. उजवा हातमोजा ओढून काढला. मग डावा. दोन्ही खाली पडले.

हॉकीत बर्फावर हातमोजे पडले की त्याचा अर्थ एकच: मारामारी. तरी तिथेही आधी 'तयार?' असं विचारतात आणि समोरच्याने मान हलवेपर्यंत थांबतात. ऑरेस्टने विचारलं नाही. नॉर्मने बोलायला तोंड उघडलं आणि त्याच तोंडावर ठोसा बसला. दात उडाले. डोकं खुर्चीच्या लोखंडी कडेवर आपटलं. ऑरेस्ट त्याच्या छातीवर गुडघा रोवून मारत सुटला. नाक गेलं, भुवई फाटली, मूठ रक्ताने निसटू लागली. नॉर्मने एकदाही हात उचलला नाही. तेवढ्यावरून तरी ऑरेस्टने ओळखायला हवं होतं. पण रागाला डोळे कुठले?

पोलिसांनी त्याला ओढून पालथा पाडला, हात पाठीमागे घेऊन बेड्या घातल्या.

"अहो, त्यांनी जागा सोडली होती!" नोरीन रडत ओरडली. "आत्ताच बाहेरून निरोप आला. पुढचं नाव तुमचंच होतं!"

नॉर्म रक्त थुंकला. "मूर्खा, मोजे घालून हात कसा मिळवणार? म्हटलं, जबड्याचं मिटवून टाकू."

बाहेर विमानाचे पंखे फिरू लागले. ऑरेस्टच्या खिशात फोन वाजायला लागला. त्याने हात हिसडले, बेड्या मनगटात रुतल्या.

"घ्या ना कुणीतरी! माझ्या कानाला लावा!" तो फरशीवरून ओरडत राहिला. फोन वाजून वाजून बंद झाला.