बाबांना विचारा, सहानंतर

काढून टाकायच्या रकान्यांची यादी तिनेच टाइप केली होती. अकरावा रकाना बाबांचा होता. तो टाइप करताना आपला हात जराही अडखळला नाही, याचाच तिला नंतर राग आला.

वेबपेजवर डोळ्यांना जे दिसतं, त्याच्या मागच्या बाजूला यंत्रांसाठी लिहिलेल्या छोट्या नोंदी असतात. पान कुणी लिहिलं, कधी बदललं, कोणत्या भाषेत आहे, अशा एकेका गोष्टीला एकेक रकाना. या नोंदी कशा लिहायच्या याचं मानक सात माणसांची समिती ठरवत असे. पहिली आवृत्ती बाबांनी संपादित केली होती. आठ महिन्यांपूर्वी ते गेले. आवृत्ती सुधारायची वेळ आली तेव्हा संपादकाच्या खुर्चीत बसायला कुणी तयार होईना. ती समितीत होतीच. बसली.

बाबांच्या रकान्याचं नाव ‘कुणाला विचारावं’. पान वाचून शंका आली तर कोणत्या माणसाला गाठायचं, ते तिथे लिहायचं. “यंत्र सगळं सांगेल,” बाबा म्हणत, “पण समजलं नाही की माणूसच लागतो.” त्यावरून तेव्हा समितीत चांगलीच जुंपली होती, आणि बाबांनी तो रकाना रेटून नेला होता.

समितीचा नियम साधा होता. रकाना टिकायचा तर तो लिहिणारेही हवेत आणि वाचून उपयोग करणारेही हवेत. नसले, तर संपादकाने रकान्याचं नाव तीनदा मोठ्याने वाचायचं. तिसऱ्या वेळेपर्यंत कुणाचा हात वर आला नाही, की रकाना गेला. संपादकाला स्वतःला मात्र हात वर करता येत नाही.

दहा रकाने निकालात निघेपर्यंत साडेपाच वाजले. बहुतेक सगळे कात्रींच्या सूचनेवरून गेले. कात्री म्हणजे समितीतले सर्वांत जुने सभासद, बाबांचे स्नेही आणि बाबांशी सर्वांत जास्त भांडलेले गृहस्थ. कापाकापीची त्यांना इतकी हौस, की बाबांनीच हे नाव ठेवलं होतं आणि ते स्वतः ते मिरवत असत.

“अकरावा,” ती म्हणाली आणि घोटभर पाणी प्यायली.

मोजणीबाईंनी लॅपटॉप पुढे ओढला. लाखो पानं तपासून कोणता रकाना किती वापरात आहे ते मोजणं, हे त्यांचं काम. “हा रकाना एक्केचाळीस हजार पानांवर आहे.”

ती खुर्चीत पुढे सरकली. एक्केचाळीस हजार!

“थांबा, इतक्यात हुरळू नका. त्यातल्या शहाऐंशी पानांवर आपापल्या माणसाचं नाव आहे. बाकी सगळीकडे एकच मजकूर.” मोजणीबाईंचा आवाज थरथरायला लागला. “वाचू? ‘बाबांना विचारा. सहानंतर. आधी त्यांचा चहा होऊ द्या.’ आणि खाली ईमेलचा पत्ता.”

मग टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी फस्सकन हसलं.

मानकात प्रत्येक नियमाखाली एक नमुना दिलेला असतो. बाबांनी नमुना म्हणून स्वतःलाच घातलं होतं, आणि गेली वीस वर्षं ठिकठिकाणचे प्रोग्रामर तो जसाच्या तसा उचलून आपल्या पानात चिकटवत आले होते. नाव बदलायची तसदी कुणी घेतली नव्हती.

“कुठे कुठे आहे ते तर ऐका,” मोजणीबाई डोळे पुसत म्हणाल्या. “दातांचे दवाखाने. पोहण्याचे तलाव. अग्निशामक बंब बनवणारा कारखाना!”

“म्हणजे आग लागली तरी सहापर्यंत थांबायचं?” कात्री म्हणाले.

“चहा होईपर्यंत!”

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. तीही हसली, आठ महिन्यांत पहिल्यांदा, खुर्चीला धरून. मग तिने चष्मा पुसला आणि संपादकाने जे म्हणायला हवं ते म्हणाली. “नक्कल केलेली पानं धरता येणार नाहीत. शहाऐंशी जणांनी मनाने लिहिलंय, ठीक. पण ते कुणी वाचतं याचा पुरावा?”

“नाही,” मोजणीबाई हळूच म्हणाल्या.

“कुणाला विचारावं,” तिने वाचलं. कुणी हललं नाही.

“कुणाला विचारावं.” सगळे टेबलाकडे बघत होते. बाबांनी भांडून मिळवलेली जागा पुसली जाणार होती आणि पुसणारी ती होती. तिने श्वास घेतला.

कात्रींचा हात वर गेला.

सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. कात्रींनी आजवर काही वाचवायला हात वर केला नव्हता. “शंका आहे, बाकी काही नाही,” ते गुरगुरले. “तो पत्ता खरा आहे का गं?”

“घरचाच आहे.”

“मग त्यावर पत्रं येतात?”

तिला ठाऊक नव्हतं. बाबा गेल्यापासून तिने त्यांचा कॉम्प्युटर उघडलाच नव्हता. तिने घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“आई, बाबांच्या पत्त्यावर अनोळखी माणसांची पत्रं येतात का गं?”

“येतात की! रोज पाच-सहा. का?”

“मग त्यांचं काय होतं?”

“काय होणार? उत्तर देते. आधी तुझे बाबा द्यायचे, सहाला बसून. त्यांचं एक अर्धवट राहिलं होतं, ते मी पुरं केलं. मग दुसरं आलं.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलंस? परवा एकीने लिहिलं, तलावाचं पाणी कोमट असतं का. मी तलावावर फोन लावला, विचारून घेतलं, कळवलं. एकाला दात काढायची भीती वाटत होती. म्हटलं, कुणालातरी सोबत ने, मीही तेच करते. गेला बरं का तो! दाताचा फोटो पाठवलाय.”

“वहिनी,” कात्री फोनकडे वाकले, “या लोकांना तुमचा पत्ता मिळतो कुठून?”

“कोण, भाऊजी का? अहो, इंटरनेटवर काही शोधलं की खाली येतं म्हणे, कुणाला विचारायचं ते. मला काय कळतंय त्यातलं!”

मोजणीबाईंनी आपल्या अहवालातली एक ओळ पेनने खोडली. “वाचणारे नाहीत, असं लिहिलं होतं. मागे घेते. शोधयंत्रं हा रकाना लोकांना दाखवतायत. वाचणारे आहेत, आणि त्यांना उत्तरंही मिळतायत.”

सहाच्या सहा हात वर झाले. रकाना राहिला.

“पण नमुना जाईल,” कात्री म्हणाले. “चाळीस हजार पानांचा संसार एकट्या वहिनींच्या गळ्यात नको.”

“म्हणजे माझी पत्रं बंद?” आई अजून फोनवरच होती. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

“नाही गं. जुनी पानं कोण बदलत बसतंय? अजून वीस वर्षं येतील.”

“मग करा काय करायचं ते. ठेवते. सहा वाजत आले, माझा चहा व्हायचाय अजून.”

तिने नमुन्याची ओळ निवडली. या वेळी हात अडखळला, आणि तिने तो अडखळू दिला. मग ओळ खोडून तिथे लिहिलं: ‘इथे तुमच्या माणसाचं नाव लिहा.’

“हेसुद्धा जसंच्या तसं चिकटवतील,” कात्री म्हणाले.

“चिकटवू देत.”

शेवटच्या पानावर प्रत्येक बदलाचं कारण द्यावं लागतं. तिने टाइप केलं: ‘जुना नमुना बदलला. कारण, तो फारच चालला.’

दुरुस्ती सुचवायला समितीला दोन मिनिटं असतात. कुणी काही सुचवलं नाही.