टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल

गाडी एकच, पण ती थोरल्या जावेचं ऐकायची आणि धाकटीचं नाही. निदान धाकटीला तसंच वाटायचं.

चौदा वर्षांची ती गाडी सासऱ्यांनी लेकरासारखी जपलेली. एक आठवडा थोरलीकडे, एक धाकटीकडे. आठवड्याच्या सुरुवातीला टाकी फुल्ल, शेवटी पुन्हा फुल्ल. किती लिटर मावलं त्यावरून सासरे अॅव्हरेज काढत आणि जेवताना जाहीर करत. "थोरलीच्या हातात चौदा, धाकटीच्या हातात अकरा. गाडी तीच, पेट्रोल तेच!"

महिनाअखेर थोरली वेगळं बिऱ्हाड करणार होती. जिच्या हातात गाडी सुखी, तिला गाडी, असं सासऱ्यांनी ठरवूनच टाकलेलं. इकडे धाकटीची तान्ही लेक चालत्या गाडीशिवाय डोळा मिटेना. रोज संध्याकाळी गल्लीबोळांतून फिरवून तिला निजवायचं, मग इंजिन चालू ठेवून तशीच बसून राहायचं. दिवसातली तेवढीच वीस मिनिटं धाकटीची स्वतःची. अॅव्हरेज तिथेच जळत होतं, पण सांगणार कोणाला?

थोरली गाडी लावायची तेव्हा ही खिडकीतून बघायची. एका दमात, भिंतीला समांतर! अंगाचा नुसता तिळपापड. धाकटीने डिकी रिकामी केली, चाकांत हवा भरली, एसी बंद ठेवून घामाघूम झाली. बारा! शेवटी आठवड्याच्या मध्यात लांबच्या पंपावर जाऊन तिने पदरचं पाच लिटर गुपचूप टाकलं.

"साडेसोळा!" सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "थोरले, शीक जरा हिच्याकडून!"

थोरलीचा चेहरा खर्रकन उतरला. धाकटीला काय गार वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी थोरली किल्ली घेऊन दारात उभी. "चल गं, माझं कुठं चुकतंय ते दाखव."

लेकीला मागच्या सीटवर तिच्या खुर्चीत बांधून धाकटी पुढे बसली. थोरलीने गाडी काढली. ना धक्का, ना आवाज. दुसऱ्या वळणावर लेक झोपलीसुद्धा! हिच्या हातात अर्धा तास घ्यायची ती कार्टी. पोटची पोरही फितूर!

"चौथा गिअर आणखी लवकर टाका," धाकटी बोलून गेली.

"अगं, चढावर?"

"चढावरच तर!"

थोरलीने मुकाट्याने टाकला. गाडी कण्हली, इंजिन खडखडलं, हिसके बसू लागले. लेक दचकून रडायला लागली.

"अजून लवकर टाकायला हवा होता का?" थोरलीने विचारलं, अगदी मनापासून.

"नका हो वहिनी! तुमचंच बरोबर होतं. पाच लिटर मी चोरून घातलं होतं."

थोरलीने गाडी कडेला घेतली. "का गं?"

मग धाकटीने लेकीच्या झोपेचं सगळं सांगून टाकलं.

"एवढं तोंडाने सांगायचं सोडून पंप पालथे घालत बसलीस? गाडी ठेव तूच. नव्या घरून मला कामावर चालत जाता येईल. पण साडेसोळाचं खरं बाबांना तू सांगायचंस. आजच, जेवताना." आणि थोरली चक्क हसली.

रागावली असती तर परवडलं असतं! तिने गाडी पुन्हा काढली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. लेक पुन्हा गप्प. गाडी मिळाली होती, तरी धाकटीची नजर थोरलीच्या क्लचवरच्या पायावरून हलेना.

"पण कसं हो जमतं तुम्हाला?" तिने विचारलं, जरा फणकाऱ्यानेच.