पेल्यावरचं नाव

भिमाबाईनं उभ्या जन्मात कुणाची सुईसुद्धा उसनी घेतली नव्हती, आणि आज तिची अख्खी मांडणी उसन्या भांड्यांनी लखलखत होती.

यंदाच्या हंगामात उसाची ट्रॉली उलटली. धाकटी बहीण गेली, मेव्हणा गेला. सहा वर्षांची सुकन्या तेवढी वाचली आणि नगरच्या बालगृहात जाऊन पडली. तिला घरी आणायची तर मावशीनं अर्ज करायचा, मग घर बघायला साहेब येणार. अर्ज देताना कचेरीतल्या शिपायानं हळूच सांगितलं होतं, घर भरलेलं दिसलं पाहिजे. म्हणून आळीतल्या बायकांनी आपापल्या मांडण्या रित्या केल्या. शेजारच्या झुंबरबाईनं हंड्यावर हंडा चढवून दिला नि म्हणाली, "भिमे, आता साहेबच म्हनंल, मलाबी ठिवून घ्या."

साहेब आले ते नाकाला रुमाल लावूनच. पायताण काढलं नाही. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं पाहिलं, मग भिमाबाईकडं, आणि रुमाल आणखी घट्ट धरला. ज्वारीच्या डब्यात पेन खुपसून पाहिलं. बहिणीच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी बुटाच्या टोकानं उलटी केली. लेकरापायी भिमाबाई पदराचा शेव दातात धरून उभी राहिली.

मांडणीपुढं साहेब वाकले. भांड्याला हात न लावता, त्यावर कोरलेली नावं वाचू लागले. सौ. झुंबरबाईस माहेरकडून. चि. वाल्मिक यास मामाकडून. कै. भिमाजी यांच्या स्मरणार्थ.

"बाई, हे मयत गृहस्थ तुमचे कोण?"

लग्नाकार्यात भांडी मिसळली की याच नावांवरून ज्याची त्याच्या घरी जायची. साऱ्या आळीला ते पाठ, आणि नेमकं आज एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. साहेब रुमालाआडून हसत होते. त्यांची किळस मघापासून येतच होती. आता भिमाबाईला स्वतःची आली. या माणसासाठी आपण खोटं घर मांडलं.

तिनं एकेक भांडं उचललं नि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवलं. मांडणीवर एक पेला उरला. चि. सुकन्या, बारशानिमित्त, मावशीकडून. बहिणीच्या बोचक्यातून तो माघारी आला होता.

"एवढं आमचं. ल्ह्या."

मग तिनं माठातलं पाणी त्या पेल्यात भरून पुढं केलं. वैशाखाचं ऊन, साहेबांची कॉलर भिजलेली. आत्ताच घेतलं, म्हणत त्यांनी पेला खालीच ठेवायला लावला, लिहिलं, आणि सहीसाठी कागद सरकवला. भिमाबाई सातवी शिकलेली. तिनं बोट ठेवून वाचलं. भांडी उसनी आणून अर्जदार बाईने दिशाभूल केली.

"खरं हाय," ती म्हणाली. "आता त्याखाली ह्येबी ल्ह्या. साहेबांना तहान लागली हुती, पर ह्या घरचं पानी त्यांनी घेतलं न्हाई. मंग सही करते."

ओट्यावर बायका जमल्या होत्या. साहेबांनी दाराकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, आणि पेला उचलला. मान मागं टाकून, तोंडापासून वीतभर उंच धरून पाणी ओतलं. निम्मं शर्टावर सांडलं. भिमाबाई डोळे न हलवता बघत होती.

"अन् सुकन्याचं?"

खालची शिफारशीची ओळ कोरी होती. साहेबांनी बारीक अक्षरात लिहिलं: घरात धान्य व पाणी आहे. बालिका मावशीच्या ताब्यात देण्यास हरकत नाही.

भिमाबाईनं सही केली.

साहेब गेल्यावर बायका हसून लोटपोट झाल्या. भिमाबाई हसली नाही. चुलीतली राख घेऊन ती पेला घासायला बसली. एकदा घासला, दोनदा घासला. झुंबरबाई म्हणाली, अगं, त्याचं त्वाँड कुठं लागलंय?

"बोटं लागली," भिमाबाई म्हणाली, आणि तिसऱ्यांदा राख घेतली. त्यातनं लेकरू पाणी पिणार होतं.