उंदराचा वाटा

दोघा बहीणभावांच्या मोजपट्टीचा पहिला मीटर मैदानावरच्या कोठीत उंदरांनी कुरतडला, त्याला अकरा वर्षं झाली होती. नवी पट्टी घेणं काही अवघड नव्हतं. पण बहिणीच्या भाल्याने पन्नास मीटर पहिल्यांदा ओलांडले ते याच पट्टीवर, त्यामुळे बदलायचं नुसतं नाव काढलं तरी बाईसाहेब फुरंगटून बसत. मग दोघांनी रीत पाडली. भाला रुतला तिथे ती तुटकं टोक धरायची, दादा फेकीच्या रेषेवर आकडा वाचायचा आणि ती तिकडून ओरडायची, "उंदराचा वाटा काढलास का?" दादा एक मीटर वजा करायचा आणि मगच आकडा सांगायचा.

याच रीतीवर ती तीन वेळा देशात पहिली आली. दादा तिचा थोरला भाऊ आणि एकमेव प्रशिक्षक. त्याचा स्वतःचा खांदा विशीतच निकामी झाला होता. तेव्हापासून तो बहिणीच्या हाताने भाला फेकतो, असं लोक म्हणायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

चौतिसाव्या वर्षी तिच्या कोपराने दगा दिला. डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यासमोर धरला. "आतला बंध अर्धा तुटलाय. आत्ता ऑपरेशन केलंत तर हात वाचेल. आणखी एक स्पर्धा खेळलात, तर मग माझ्याकडे हात मागायला येऊ नका."

घरी आल्यावर ती म्हणाली, "रविवारी तीन फेकी करते. साठ गेला तर स्पर्धा. नाही गेला तर ऑपरेशन, आणि भाल्याचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," दादा म्हणाला.

रविवारी पहिल्या दोन फेकी छप्पन्नच्या आसपास पडल्या. तिसऱ्या फेकीला ती अशी किंचाळली की मैदान झाडणाऱ्या बाईने झाडू थांबवला. भाला लांब गेला. तिने टोक धरलं, दादाने पट्टी ताणली. साठ मीटर बारा.

तो थांबला. तिकडून प्रश्न यायची वाट बघत राहिला. विचारलं असतं तर त्याने मीटर काढला असता, अगदी नक्की काढला असता. निदान पुढे तो स्वतःला तसं बजावत राहिला. पण ती खाली वाकूनच होती, मान वर करायला तयार नव्हती.

"साठ बारा!" दादा ओरडला.

तिने हात वर केला. डावा.

स्पर्धेत दुसऱ्याच फेकीला जुनं कापड टरकन फाटावं तसा आवाज झाला. भाला जवळच आडवा पडला. पंचांनी लाल निशाण दाखवलं, मोजायलाही कोणी गेलं नाही.

आठ महिन्यांत दोन ऑपरेशनं झाली. हात आता निम्म्यातच अडतो, दोन बोटांना गरम-गार कळत नाही. कपाटात पदकं मावत नाहीत आणि वेणी घालायला मात्र दादा लागतो. पहिल्या दिवशी त्याने घातलेली वेणी बघून ती म्हणाली होती, "दोरखंड बरा याच्यापेक्षा." त्यानंतर त्या घरात फारसं कोणी हसलं नाही.

एका सकाळी केस विंचरताना दादाला राहवलं नाही. तो तिच्या मागे उभा होता, तोंड दिसत नव्हतं म्हणूनच धीर झाला.

"त्या रविवारी मी उंदराचा वाटा काढला नव्हता."

"माहीत आहे. टोक माझ्याच हातात होतं ना?"

आठ महिने दादा या न सांगितलेल्या गोष्टीखाली रोज मरत होता. "मग विचारलं का नाहीस, बये?"

"विचारलं असतं तर तू काढला असतास."

त्याच्या हातातून फणी खाली पडली. ती उचलायला तिने सवयीने उजवा हात पुढे केला. तो निम्म्यातच अडला. शेवटी दादानेच वाकून फणी उचलली आणि राहिलेली वेणी घालायला घेतली.