खोकल्यापुरती जागा

माझी कादंबरी वाचून सिंधूताईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्या पोरीच्या मानेत तार खुपसलेली आहे, तर ती डोकं कशी धुते.

मी जीव काढून ते पुस्तक लिहिलं होतं. पुढच्या शतकातलं नागपूर, माणसांच्या मानेतून निघून खांबांवर चढलेल्या तारा, लोकांच्या आठवणी चोरून विकणाऱ्या टोळ्या आणि सगळ्या शहराला मुठीत ठेवणारी एक कंपनी. मराठीत असलं काही अजून आलेलं नाही, असं प्रकाशक म्हणाले होते. ते कौतुक होतं की इशारा, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. आणि इतकं सगळं करून वाचकांना पडलेला प्रश्न हा. मी सिंधूताईंना सांगितलं की तार काढून ठेवता येते. त्यांचं समाधान झालं नाही. मग भोकात पाणी जात असेल, म्हणाल्या.

सिंधूताई म्हणजे खापरखेड्याच्या कॉलनीतल्या आमच्या शेजारीण. मी नागपुरात तार ऑफिसात नोकरीला, भाड्याच्या खोलीत राहते. इतवारीत भांडी घ्यायला आल्या की त्या माझ्याकडे चहा घेतल्याशिवाय परत जात नाहीत. पुस्तक कॉलनीच्या वाचनालयात आलंय आणि त्याच्यावर उड्या पडताहेत, ही बातमी त्यांनीच आणली. पुरुषमंडळींची तक्रार वेगळी होती. सगळी वीज केंद्रातली माणसं. मानेतली तार, विकलेल्या आठवणी, हे त्यांनी मुकाट्यानं पचवलं. पण एवढ्या जाड पुस्तकात एकदाही लाइट जात नाही, हे कोणालाच पटेना. क्रेनवरच्या धोंडबांनी भर टपरीवर सांगितलं म्हणे, की पोरगी इथेच वाढली अन् लोडशेडिंग विसरली. मी पोट धरून हसले. समीक्षकांनी झोडपलं असतं तर इतकी मजा आली नसती.

सिंधूताईंनी बशीतला शेवटचा घोट घेतला आणि सहज म्हणावं तसं म्हणाल्या, "तुही माय बी वाचून राहिली वं. तिले तिसरा भाग भेटला."

माझं हसणं जागच्या जागी थिजलं.

आमच्या वाचनालयाची एक पद्धत आहे. कृष्णकांत म्हणून तिथली व्यवस्था पाहणारे आहेत, ते जाड कादंबरी आली की शिवण उसवून तिचे तीन भाग करतात आणि प्रत्येकाला वेगळा पुठ्ठा लावतात. एका पुस्तकावर तीन घरं वाचतात. कोणाला कुठला भाग आधी मिळेल, ते नशीब. कॉलनीतल्या लोकांना याची इतकी सवय आहे, की आधी लग्न वाचायचं आणि मग प्रेम, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण माझ्या आईच्या हाती नेमका शेवट पडावा?

माझ्या कादंबरीत एक म्हातारा ऑपरेटर दुसऱ्या भागात मरतो. त्याचा आवाज मात्र कंपनी यंत्रात ठेवून घेते. रोज सकाळी त्या आवाजावर शहर उठतं, कामाला लागतं, आणि रोज तो आवाज त्याच एका ठिकाणी खोकतो. शेवटी त्याची मुलगी आपल्या हातानं ते यंत्र बंद करते. बस्स, तिसरा भाग तेवढाच.

हा आवाज कोणाचा, हे खापरखेड्यात कोणाला सांगावं लागणार नव्हतं. माझे वडील, रुपराव, केंद्रात ऑपरेटर होते आणि कॉलनीच्या विहारात दर पौर्णिमेला वंदना तेच सांगायचे. ते एक ओळ म्हणत, बाकी सगळे मागून म्हणत. कोणीतरी हौसेनं एकदा ती टेप केली. पुढं बाबा हृदयविकारानं गेले. पौर्णिमा आली तेव्हा दुसरं कोणी पुढं बसायला तयार होईना, म्हणून ती कॅसेट लावली. तेव्हापासून तीच लागते. त्रिशरणात दुसऱ्यांदा शरण म्हणून होतं आणि तिसरं सुरू व्हायच्या आधी बाबा खोकतात. सगळा विहार तो खोकला होईपर्यंत थांबतो, मग पुढं जातो. कॅसेट आईच्या कपाटात असते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आई ती बाहेर काढते, पेन्सिल घालून सैल फीत नीट गुंडाळते, फडक्यानं पुसते. आमच्यात श्राद्ध-पक्ष नाही. जे काय होतं ते ती कॅसेटच होती.

आईला मी सांगून ठेवलं होतं की पुस्तक यंत्रांबद्दल आहे, तुला कंटाळा येईल. मला काय ठाऊक, ती वाचनालयात जाऊन नंबर लावेल.

काय म्हणाली, असं मी विचारलं. सिंधूताई म्हणाल्या, काहीच नाही. पुस्तक उशाशी घेऊन झोपते. आणि उद्या पौर्णिमा आहे, तरी कॅसेट अजून कपाटाबाहेर काढलेली नाही.

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. नवरा गेल्यावर उरलेला त्याचा आवाज, आणि तो पोटच्या पोरीनं छापील पुस्तकात बंद करून टाकलेला. आईला तो आवाज ऐकवेनासा झाला असेल तर तो माझ्यामुळे. मला पुस्तकाची भीती वाटत नव्हती, आईची वाटत होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी खापरखेड्याची बस धरली. बसमध्ये रामाजीकाका भेटले. हे बाबांबरोबर एकाच पाळीत काम करायचे. पहिला भाग यांच्याकडे अडकलाय, हे सिंधूताईंनी सांगितलंच होतं. काकांनी मला शेजारी बसवलं आणि पुस्तकाचं इतकं कौतुक केलं की मला ऐकवेना. पहिल्या भागात म्हातारा ऑपरेटर अजून जिवंत असतो, डबा उघडून शेजाऱ्याच्या भाजीवर हात मारतो, टर्बाइनच्या आवाजावरून बिघाड ओळखतो.

"आपल्या रुपरावावानीच आहे वं तो," काका म्हणाले. मग खिडकीबाहेर पाहत विचारलं, "मरत तर नाही ना?"

मी म्हटलं, काका, दुसरा भाग वाचा.

"म्हणूनच पहिला वापस करून नाही राहिलो," ते म्हणाले. "कृष्णकांत रोज मांगते. मी म्हणतो, वाचून व्हायचा आहे."

एक म्हातारा माणूस मित्र मरू नये म्हणून पुस्तकाचं पान उलटत नाही, आणि मी त्याला मारून मोकळी झालेली. असली कादंबरी लिहायची अवदसा मला का आठवली, असं वाटत राहिलं.

आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मला पाहून तिला नवल वाटलं नाही. आधी जेव, म्हणाली. भूक नव्हती, तरी जेवले, कारण आईसमोर ताटात अन्न टाकायची माझी प्राज्ञा नाही. पुस्तकाचा तिसरा भाग टेपरेकॉर्डरवर ठेवलेला दिसत होता. शेवटी मीच म्हणाले, "आई, तो म्हातारा म्हणजे बाबा नाहीत."

"मंग कोण आहे?" आई म्हणाली. "खोकला बी तोच आहे."

आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"मले त्या कॅसेटचा लय राग येते वं," ती म्हणाली. "माणूस होता तवा दर खेपेले वेगळा खोकलत होता. मी बाजूले पाण्याचा पेला घेऊन बसत होती. खोकलला का पाणी देत होती. आता तो खोकलते, अन् मी पेला कोणाले देऊ?"

मग बंद का नाही केलीस, असं मी विचारलं.

"तुह्यासाठी. तू पौर्णिमेले येते, आयकते, रडते. म्हटलं, पोरीले बापाचा आवाज पायजे. अन् तूच बंद करून टाकला पुस्तकात. वाचलं अन् मले मोकळं वाटलं."

मी रडत होते ते, आवाजाला उत्तर देता येत नाही म्हणून. आणि आईसाठी सोसत होते. मायलेकी दोघीही एकमेकींसाठी तो खोकला पौर्णिमेमागून पौर्णिमा ऐकत बसलो होतो. हे कळलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग रडू, आणि छातीवरचा दगड उतरला. आईला मिठी मारायला गेले तर म्हणाली, हात मेथीचे आहेत.

तिची तक्रार एकच होती. यंत्र बंद झाल्यावर शहरातले लोक नुसते रस्त्यावर उभे राहतात, असं मी लिहिलं होतं. ते तिला साफ चूक वाटलं. लोक असे उभे राहत नाहीत, कोणीतरी सुरू करतंच, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, आता छापून झालं. ती म्हणाली, मग काय झालं.

संध्याकाळी आम्ही विहारात गेलो. आईच्या हातात कॅसेट नव्हती, पाण्यानं भरलेला पेला होता. टेपरेकॉर्डर कुठंय, म्हणून कोणीतरी विचारायला आलं, तेवढ्यात आई बाबांच्या जागेवर जाऊन बसली. तिनं हात जोडले आणि सुरुवात केली. आवाज बारीक, थोडा कापरा. मागून आधी बायकांनी साथ दिली, मग पुरुषांनी. एकदा शरण झालं. दुसऱ्यांदा झालं.

आणि सगळा विहार थांबला.

कोणी सांगितलं नव्हतं. पोरासोरांसकट सगळे गप्प झाले, जितका वेळ बाबा खोकायचे तितका वेळ. आईही थांबली. कोणी खोकलं नाही. माझ्या पुढ्यात बसलेल्या रामाजीकाकांची मान खाली गेली होती.

मग आईनं पेला उचलला, आणि सगळ्यांच्या देखत सावकाश स्वतःच पाणी प्यायली. पेला खाली ठेवून तिनं तिसऱ्यांदा सुरू केलं. या वेळी तिचा आवाज कापत नव्हता.

बाहेर चपला शोधताना रामाजीकाका सिंधूताईंजवळ गेले आणि दुसरा भाग सध्या कोणाकडे आहे, म्हणून त्यांनी विचारलं.