चेंडूला न लागलेला बूट

मी एक जुना डावा बूट आहे. जोड नव्हे, एकटाच. टोबी व्रॉबेल नावाच्या किकरचा.

मित्रांनो, आमच्या खेळात, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये, चेंडू घेऊन धावणारे पुष्कळ असतात. तो लाथाडून दोन खांबांमधून घालणारा आणि तीन गुण आणणारा मात्र एकच. त्याने लाथ मारण्याआधी त्याच्याशी कुणी बोलत नाही. तसा रिवाजच आहे.

डिसेंबर महिना. एरी तळ्यावरून आलेला बर्फ. आम्ही दोन गुणांनी मागे, घड्याळात चार सेकंद, खांब सत्तेचाळीस यार्डांवर. टोबी तीन पावलं मागे गेला, दोन बाजूला सरकला. मान हलवली. आता चेंडू येणार, इतक्यात

शिट्टी. समोरच्या संघाने वेळ मागून घेतला. किकरला उभं ठेवून गारठवायची जुनी युक्ती.

तोवर माझा जन्म सांगतो. टोबीने दुकानातून एकाच बनावटीचे दोन जोड घेतले. एकातला डावा मी, पायाच्या मापाचा. दुसऱ्यातला उजवा एक माप लहान, कारण चेंडूला लागणारा बूट कातडीसारखा पायाला चिकटलेला हवा. माझा सख्खा जोडीदार खोक्यातच राहिला. नव्या उजव्याचे मात्र फार लाड. त्याला गरम पाण्यात भिजवायचं, मऊ फडक्याने पुसायचं. मला कोपऱ्यात भिरकावायचं.

आधी तीन संघांनी टोबीला काढून टाकलं होतं. या शहरात तो रुजला. सलग एकवीस लाथा खांबांमधून गेल्या, तेव्हा त्याने नेम केला: आता बुटांत काही म्हणजे काही बदलायचं नाही. जमीन पकडायला तळाला बसवलेला एक खिळासुद्धा नाही. नशीब निघून जाईल म्हणे.

सगळे पुन्हा रांगेत. टोबीने श्वास घेतला आणि

शिट्टी. या वेळी पंच. घड्याळ चुकलंय, दुरुस्त करतायत.

बरं. तर ऑक्टोबरपासून चेंडू डावीकडे जाऊ लागला. तीन चुकले. उजवा पाय संपला, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. मंगळवारी प्रशिक्षकांनी दोन तरुण किकर बोलावून मैदानावर पारखले, टोबीच्या डोळ्यांदेखत. या रविवारी आणखी एक चुकला, की त्याने सामान उचलायचं.

त्याच संध्याकाळी संघाचं सामान सांभाळणाऱ्या ओरव्हिलकाकांनी मला उलटा केला. माझे बाहेरच्या कडेचे चारही खिळे झिजून सपाट झाले होते. पाय रोवला की मी दोन बोटं घसरायचो. मला ते ठाऊक होतं. सांगणार कसं?

"काका, हात लावू नका म्हटलं होतं ना."

"लेका, वर्षभर लाथ मारणाऱ्या पायाचे लाड करतोयस. उभा कुठल्यावर राहतोस?"

"नशीब जाईल, काका."

"जाऊ दे की. निदान घसरणार तरी नाहीस."

टोबीने माझ्या सपाट खिळ्यांवरून अंगठा फिरवला. मग त्यानेच काकांच्या हातात पान्हा दिला.

शिट्टी. आता खरंच.

टोबीने माझ्या टाचेने बर्फ सारला, गोठलेलं गवत दिसेपर्यंत. चेंडू आला, सोबत्याने तो जमिनीवर उभा टेकवला. दोन पावलं. मी चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर उतरलो. खिळे आत शिरले. घसरलो नाही, मित्रांनो. ते तीन संघ, ती वर्तमानपत्रं, तो मंगळवार, सगळं वजन माझ्यावर. शेजारून उजवा सणसणत गेला.

उडालेला चेंडू मी कधीच पाहिला नाही. माझं तोंड जमिनीकडे. आधी काहीच नाही. मग सत्तर हजार माणसांचा आवाज जमिनीतून वर चढत माझ्या तळाला लागला. तेव्हा कळलं.

टोबी त्या संघातच निवृत्त झाला. क्लबने काचेच्या कपाटासाठी त्या दिवसाचा बूट मागितला. त्याने मला पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, की चुकून डावा आलाय, तुम्ही तर उजव्याने मारायचात.

"चुकून नाही," टोबी म्हणाला. "त्या दिवशी मी त्याच्यावर उभा होतो."

आता मी कपाटात आहे, धुऊनपुसून सरळ ठेवलेला. मुलं काचेला नाक लावतात आणि माझ्या टोकावर चेंडूची खूण शोधतात. ती तिथे नाही. मित्रांनो, कधी आलात तर कपाटवाल्यांना एवढं सांगा, की मला उलटा ठेवा. काकांनी बसवलेले ते चार खिळे दिसू देत.